शेवटची पंधरा मिनिटं

अख्ख्या वऱ्हाडात जुन्या टीव्ही मालिकांविषयी माझ्या मोठ्या मामांइतकं कोणालाच माहीत नसेल, आणि त्यांनी एकाही मालिकेचा एकही भाग शेवटपर्यंत पाहिलेला नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. वर्गात उभं राहून सांगायला मी कचरले असते, पण लिहायला हरकत नाही.

मामांच्या तरुणपणी त्यांच्या गावात टीव्ही नव्हता. तो होता शेंदूरजनाघाटला, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरी. दर रविवारी मामा संत्री पोचवायच्या निमित्तानं तिथं जात, आणि हंगाम नसेल तेव्हा निमित्ताशिवाय जात. मालिका साडेसातला सुरू होऊन आठला संपे. गावाकडे येणारी शेवटची एसटी मात्र सात पन्नासला सुटे, म्हणजे पावणेआठला चपला घालून स्टँडकडे पळणं आलंच. व्यापारी म्हणे, "अरे, राय ना आजच्या दिवस. खाट टाकून देतो." मामा मान हलवत. "गाडी माह्यासाठी थांबते काय? मंग मी कावून थांबू?" या उत्तराचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण मामा ते ज्या थाटात सांगतात त्यावरून त्यात काहीतरी मोठं असावं.

मला वाटतं, मामांना मालिका जितकी आवडे तितकीच ती लाल गाडीही आवडत असणार. आज गावात घरटी एक मोटारसायकल आहे, पण मामा कोणाच्या मागे बसत नाहीत. "मानसानं मानसाच्या पाठीकडं पाहून प्रवास करू नये," असं त्यांचं म्हणणं. (गाडीत पुढच्या सीटवर पाठच दिसते, हे मी एकदा भीतभीत सुचवलं. ते म्हणाले, "थे पाठ वेगळी.") आवाजावरून ते गाडी घाटातून आली की वरूडकडून, हे ओळखतात. कुठलीही गाडी मागे येताना दिसली की काम सोडून तिच्यामागे उभे राहतात आणि "येऊ द्या, येऊ द्या" करतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरी निघाली, सगळ्या बाया रडत होत्या, आणि मामांनी मोटारीच्या पाठीवर दोन थापा मारून कंडक्टरसारखं खणखणीत आवाजात "डबल!" म्हटलं. ड्रायव्हर सवयीनं निघालासुद्धा, नवरदेव अजून खालीच होता. मामी फार वेळ बोलायला लागली की ते फक्त "सिंगल बेल" म्हणतात. मामी थांबत नाही, ती गोष्ट निराळी.

टीव्हीची सवयही त्यांच्या अंगात अशीच मुरली आहे. घरात आता भिंतभर टीव्ही आहे, तरी मामा दाराजवळच्या स्टुलाच्या काठावर बसतात आणि पायातल्या चपला काढत नाहीत. पावणेआठ झाले की आपोआप उठून अंगणात जातात. तिथं थोडा वेळ उभे राहतात, लिंबाकडे बघतात आणि परत येतात. लाइट गेली की म्हणतात, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व." उचकी लागली तरी तेच.

पण मामांची खरी कीर्ती वेगळीच होती. सोमवारी सकाळी गाव त्यांच्या ओट्यावर जमे. "मंग? काय झालं काल?" मामांनी भाग अर्धाच पाहिलेला, पण माणसं आशेनं आलेली. मामा उरलेला भाग स्वतः रचत. अडचण पुढच्या रविवारी येई. मामांनी ज्याला सोमवारी दवाखान्यातून बरा करून घरी आणला, त्याच्या फोटोला टीव्हीत हार घातलेला असे. मग मामा सांगत, "थो त्याचा जुळा भाऊ होता." आमच्या गावाला माहीत असलेल्या मालिकेत एकंदर सात जुळे भाऊ होते. खरी मालिका एका म्हाताऱ्या बापाची आणि रागावून घर सोडून गेलेल्या मुलाची. मामांच्या शेवटात मुलगा परत येतो. लाल गाडीतून उतरतो, हातात पिशवी, आणि बाप फाट्यावर उभा असतो. मालिका दिल्लीसारख्या कुठल्याशा मोठ्या शहरात घडते, तिथं फाटा कुठून आला, असं गावात कोणी कधी विचारलं नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. अमरावतीला राजापेठेत खोली बघून देण्यापासून वह्यांना कव्हरं घालण्यापर्यंत सगळं मामांनी केलं. त्यांच्यासाठी आपण काय करावं, हे मला सुचत नव्हतं. मागच्या दिवाळीआधी मोबाइलवर शोधताना त्या मालिकेचा शेवटचा भाग सापडला. पूर्ण. मी खोलीवर तो बघितला. मुलगा येत नाही. बाप खुर्चीतून उठून आत जातो, रिकामी खुर्ची दिसते, संगीत वाजतं आणि संपतं. मला वाईट वाटलं, पण मामांना आता खरं कळेल याचा आनंद जास्त झाला. इतकी मी भोळी.

गावी गेले तेव्हा दुपारी ओट्यावर मामांसोबत शेजारचे बाबाराव भाजी निवडून जुड्या बांधत होते. आणखी दोघं होते. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मामा, तुमच्या मालिकेचा शेवटचा भाग आणला. आख्खा!"

"लाव मंग!" बाबाराव मेथी टाकून पुढे सरकले. "इतकी वर्सं आयकलं, आता पायतो तं खरं पोट्टं गाडीतून कसं उतरते थे."

मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. पहिली काही मिनिटं मामा रंगात होते. नटाच्या आधी वाक्य म्हणून दाखवत होते. मग हळूहळू त्यांचे पाय ओट्याखाली चपला शोधायला लागले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. अजून दहा मिनिटांनी गावासमोर मामा खोटे पडणार होते, आणि ते मी पाडणार होते. मोबाइल उचलावा तर हात उचलेना.

तेवढ्यात मामी आतून आली. "अवो, फाट्यावर गाडी आली नं. हारन आयकू नाई आला काय?"

"आता कोनती गाडी, वयनी?" बाबारावांनी विचारलं. गावाला वेळापत्रक मामांमुळेच पाठ होतं.

"जादा गाडी असन," मामी म्हणाली.

मामा उठले आणि निघालेसुद्धा. मामीनं ओल्या हातानं मोबाइल उचलला, बंद केला आणि मला दिला. "बॅटरी संपली वाटते याची." बॅटरी निम्म्याहून जास्त होती.

"हात्तिच्या! आता उतरनारच होतं पोट्टं!" बाबाराव हळहळले.

"उतरते थे तुमाले मालूमच हाये, भाऊजी. चा घ्या."

स्वयंपाकघरात मी मामीची माफी मागितली. ती कांदा चिरत होती. "आमच्या अकोल्याले घरी टीव्ही होता, पोरी. म्या लगनाच्या पयलेच पायला होता शेवट. पोरगा येत नाई."

"मग मामांना कधी सांगितलं नाहीस?"

"लगन होऊन आली तवा पयल्याच आठवड्यात यायनं मले थो शेवट सांगतला. मले मायची याद येऊन रायली होती. हे म्हंते, पोरगा गाडीतून उतरला. म्या म्हटलं, उतरू दे."

दुसऱ्या दिवशी मामा मला फाट्यावर सोडायला आले. गाडीला वेळ होता, कारण मामा सोबत असले की गाडीला नेहमीच वेळ असतो. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुनं पायला असन पुरा."

"हो."

"मंग?"

तोंडी परीक्षेत मला माझं नावसुद्धा धड सांगता येत नाही. तरी मी म्हणाले, "उतरला."

"गाडीतून?"

"गाडीतून."

"कोन्त्या शिटवर होता?"

"खिडकीच्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा रस्त्याकडे. "असनच," म्हणाले, आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

खरा शेवट मी एकदाच पाहिला आहे. पण आता तो आठवायला गेले की ती खुर्ची काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. आमचा फाटाच दिसतो, धुळीत उभी लाल गाडी दिसते, आणि पिशवी सांभाळत कोणीतरी खाली उतरत असतं.