अर्ध्या तासाचं शटडाऊन

प्रकाशचा हात कशालाच लागला नव्हता.

लातुरात अजून कुणी भेटलं की विचारतं, "तुमच्या मित्राला करंट लागला होता ना?"

नाही हो. करंट लागायला हात लागावा लागतो. त्यानं फक्त पॅनेलचं दार उघडलं.

आत एक ढिला जॉइंट जळत आला होता. दार उघडलं आणि स्फोट होऊन जाळ थेट त्याच्या अंगावर आला. याला आर्क फ्लॅश म्हणतात. पापणी लवायच्या आत माणूस भाजून निघतो.

मी कँटीनमध्ये चहा घेत होतो. आवाज ऐकून वाटलं, बॉयलर फुटला.

आमचा सोयाबीन तेलाचा प्लँट. तो इलेक्ट्रिशियन, मी फिटर. त्याचं गाव रेणापूर, माझं लोहा. डबा एकत्र खायचो आणि भांडायचोही रोज. माझ्या मोटरसायकलला तो म्युझियम म्हणायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. मेन स्विच पाडतात, दुपारपर्यंत सगळा प्लँट थंड. आम्ही हळदकुंकू, झेंडूच्या माळा घेऊन फिरायचो.

प्रकाश जयभीमवाला, पूजेत नसायचा. तो बाह्या वर करून पॅनेल उघडायचा, धूळ काढायचा, एकेक नट आवळत बसायचा.

मी चिडवायचो, "ये की रे, प्रसाद तरी घे."

"ठेव माझ्या वाटचा. वर्षातून एकदाच बंद गावतंय हे पॅनेल मला."

मागच्या वर्षी नवमीच्या थोडं आधी त्याला जळका वास आला. तो मॅनेजर साहेबांकडे गेला. मी सोबतच होतो.

"साहेब, जॉइंट लई तापायलाय. अर्धा तास शटडाऊन द्या."

"आत्ता? बाहेर ट्रकांची लाइन बघितली का? नवमीला प्लँट बंदच असतोय की. तेव्हा कर निवांत."

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम लिहितोय. सीझनमध्ये प्लँट थांबला की त्यांनाही वरून फोन येतात.

पण जॉइंटला नवमी कळत नाही.

दोन दिवसांनी वास वाढला. प्रकाश चालू लाइनवरच बघायला गेला.

आणि आग झेलणारा तो जाड सूट? स्टोअरच्या कपाटात, पॅकिंगमध्ये. ऑडिट आलं की बाहेर, फोटो झाला की आत. प्रकाशच हसायचा त्याला, "एवढ्या गरमीत ह्यो घातला तर मी आतच शिजन की."

लेका, हे तुझं चुकलंच. लिहितानासुद्धा तुझा राग येतोय मला. खरा इलाज लाइन बंद करणं हाच होता, मान्य. पण सूट अंगात असता तर आज कदाचित भांडायला तरी असतास.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्यानं मला पहिलं काय विचारलं असेल?

"जॉइंट आवळला का रं कुणी?"

"हाव, आवळला," मी म्हणालो.

खरंच आवळला होता. अपघातानंतर प्लँट बंदच होता, पाहिजे तेवढा वेळ मिळाला.

चार दिवसांनी तो गेला.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये बरेच इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर आहेत. बाबांनो, लाइन बंद करा, स्विचला कुलूप लावा, टेस्टर लावून खात्री करा, मगच दार उघडा. कुणी "चालूवरच बघून घे" म्हणालं तर सरळ घरी निघून या. दुसरी नोकरी मिळते.

आज पुन्हा नवमी.

साहेबांनी रंजनावहिनींना, प्रकाशच्या बायकोला, प्लँटवर बोलावलं होतं. त्याच्या फोटोला हार घातला. साहेब चार शब्द बोलले, "प्रकाश आमच्या घरचाच माणूस होता."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, आज कवापासून बंद हाय प्लँट?"

"सकाळपासून, वहिनी. पूजा हाय ना."

"मग बिघडलं का काही?"

साहेब खाली बघत होते. मीही.

प्रकाश, तुला मनापासून आदरांजली.

जय भीम, दोस्ता.