सव्वीस म्हणजे सव्वीस

धोंडिबा भाऊसाहेब आमच्या दवाखान्याचे भांडारपाल. कोणतीही वस्तू हातात आली की तिच्यावर काय छापलंय ते मोठ्यानं वाचायचे, आणि वाचून झालं की विषय संपला. एकदा मी फुटका थर्मामीटर परत द्यायला गेले, तर डबी पुढं करून ते म्हणाले, "हे काय लिहिलंय? थर्मामीटर. मग?" अशा माणसाशी काय डोकं लावायचं!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सामान अर्धं जुन्या जिल्ह्यात, अर्धं वाटेत. वर दुष्काळ. दवाखान्याची जीप पाण्याच्या कामाला जुंपलेली. मी नर्स, चाकूरकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला माझ्याकडं सायकलच होती, आणि नेमका तिचा मागचा टायर फाटला.

माझी रिंग सव्वीस-दीडची, म्हणजे सव्वीस इंची चाक, दीड इंच रुंद टायर. भाऊसाहेबांनी काढलेल्या टायरवर होतं सव्वीस, एक तीन अष्टमांश.

"हा नाही चालायचा, भाऊसाहेब."

"सव्वीस म्हणजे सव्वीस, सिस्टर! रुंदीला चिमूटभर इकडंतिकडं." त्यांनी रिकामा टायर टेबलावर चपटा दाबला आणि फूटपट्टी लावली. "बघा, दीडाच्याबी वर भरून राहिला."

चपटा करून टायर कुणी मोजतं का? रिंगवर चढवून, हवा भरून, फुगलेल्या पोटाशी मोजायचा असतो. आणि खरी गोम रुंदीत नव्हतीच. आकडा सव्वीसच असला तरी या दोन टायरांची आतली गोलाई वेगळी. हा माझ्या रिंगवर सैल बसत होता. हातानं हलवून दाखवला. "हवा भरली की धरतंय. न्हाईतर लातूरहून येईस्तोवर थांबा," म्हणाले.

थांबायला वस्तीवरच्या शारदाचं पोट थांबणार होतं का? पहिलटकरीण, दिवस भरलेले. तोच टायर चढवून घेतला आणि निरोप आला तशी निघाले. अर्ध्या वाटेत टायर रिंगवरून उतरला, ट्यूब बाहेर येऊन फुटली. सायकल बाभळीखाली टाकली आणि पिशवी घेऊन भर उन्हात पळत सुटले. भाऊसाहेबांना तोंडाला येईल ते बोलत होते. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा, आणि तो सोडवता येणारं घरात कुणी नव्हतं. शारदा तेवढी वाचली.

परत आल्यावर बाळ गेल्याचं भाऊसाहेबांना सांगितलं आणि टायर त्यांच्या टेबलावर आपटला. "वाचा आता, काय छापलंय ते!"

त्यांनी वाचलं नाही.

त्यानंतर नवाच जाच सुरू झाला. कुणालाही टायर द्यायचा तर स्वतः चढवणार, हवा भरणार, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या टेकवून मधलं अंतर मोजणार, जरा वेळ ठेवून पुन्हा मोजणार. आम्ही नर्सा ताटकळत उभ्या.

"अहो, द्या ना तो मेला टायर!"

"दम धरा. अजून फुगून राहिलाय."

मीही करवादायचे. माझा राग गेला नव्हता.

पुढं शारदाला पुन्हा दिवस गेले. कळा सुरू झाल्याचं कळलं त्या दुपारी भाऊसाहेब आपली सायकल घेऊन दारात हजर. "मी येतो. तुमची बसली तर माझी घ्या."

कशाला नाही म्हणू? गेलो. ते बाहेर अंगणात थांबले आणि थोड्या थोड्या वेळानं दाराशी येऊन विचारायला लागले, "सिस्टर, रडलं का?"

"अजून डोकं यायचंय! गप बसता का जरा!"

मग बाळ रडलं. खणखणीत. बाहेर आले तर पन्नाशी उलटलेला हा माणूस मातीत बसून सदऱ्यात तोंड खुपसून हुंदके देत होता. शारदाच्या सासूला त्या टायरचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कौतुकानं नातू पुढं केला. "घ्या की, भाऊ."

"न्हाई, माय. माझ्या हातात नको."

"भाऊसाहेब, हात पुढं करा," मी खेकसले, आणि बाळ त्यांच्या ओंजळीत ठेवलंच.