चार वह्या, वहिनींची सही

“चिकूला सांभाळलं असं लिहून देता येणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “घरकाम केलं असं लिहिते.”

आणि लिहिलंही. सुंदर अक्षरात. ‘ही मुलगी आमच्याकडे चार वर्षे केरफरशी व भांडी ही कामे करत होती. प्रामाणिक आहे.’ मी उभी होते. चिकू सोफ्यावर बसून माझी ओढणी ओढत होता. सहा महिन्यांचा होता तेव्हापासून तो माझ्या कडेवर वाढला. भांड्यांना त्या घरात वेगळी बाई होती. ती त्या वेळीही आत भांडी घासत होती, आवाज येत होता.

मला जर्मनीला ओ-पेअर म्हणून जायचं होतं. म्हणजे तिकडच्या एका कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, भाषा शिकायची. खोली, जेवण, हातखर्च त्यांचा. तिकडचे लोक काही देव नाहीत. त्यांनाही कमी खर्चात मुलं सांभाळणारं कुणीतरी हवंय, एवढं मला कळतं. पण करारात लिहिलं होतं की मुलगी कुटुंबासोबत जेवेल. ते वाक्य मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. वहिनींच्या घरात मी चिकूला टेबलावर भरवायचे आणि स्वतः ओट्याजवळ खाली बसून जेवायचे. तरी त्या सगळ्यांना सांगायच्या, आमच्या घरच्यासारखीच आहे.

जर्मनची परीक्षा पास झाले होते. पासपोर्ट, करार, सगळं तयार. एकच कागद राहिला होता. मुलं सांभाळल्याच्या अनुभवाचा, ज्यांची सांभाळली त्यांच्या सहीचा. आणि वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज जायला हवा. माझ्याकडे पाच आठवडे होते.

“वहिनी, भांडी मी घासलीच नाहीत,” मी म्हणाले.

त्यांनी आवाज खाली घेतला. “हे बघ, तुला राग येईल. पण सासूबाईंना मी सांगितलंय, पोरगी आपल्यातलीच आहे म्हणून. उद्या माझ्या सहीच्या कागदावर तुझं आडनाव. चिकू तुझ्या हातचं जेवला हे गावाकडं कळलं तर मला किती ऐकावं लागंल.”

मग मला सुट्ट्यांचा उलगडा झाला. सासूबाई गावाहून आल्या की मला सुट्टी मिळायची. भरपगारी. “जा, आईकडं आराम कर,” वहिनी म्हणायच्या. मी समोर असते तर म्हातारीनं गाव विचारलं असतं, आडनाव विचारलं असतं. चार वर्षं मला लपवलं आणि मी मात्र वस्तीत सांगत फिरले की बाई मनानं लई मोठी आहे. अपमानापेक्षा त्या आभारांची मला जास्त लाज वाटते, आजही.

कागद घेऊन मी निघाले.

जर्मनच्या क्लासचे सरच आमचे व्हिसाचे कागद बघायचे. त्यांनी ते पत्र वाचून बाजूला सारलं. “हे कामाचं नाही. माझ्या मेहुणीचं पत्र देतो. दोन मुलं आहेत तिला.”

“मी त्या मुलांना बघितलेलंसुद्धा नाही, सर.”

“बघायचं कशाला? सगळेच आणतात.”

घरी चितेगावला जाताना गाडीत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. खोटं पत्र मागायच्या आधी मिळतंय आणि खऱ्याला सही नाही. जुलाब मी काढले, ताप मी काढले, दात येताना चार महिने खांद्यावर घेऊन फिरले. आणि ते सगळं कुणाच्या तरी मेहुणीच्या पोरांच्या नावावर दाखवायचं.

आई कंपनीतून सुटून आली होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ‘प्रामाणिक’वर तिनं मला थांबवलं.

“म्हंजे चोर नाय, एवढंच ना? मग त्या पेटीतल्या वह्या कशाच्या? बाईची सही हाय की त्यांच्यावर.”

पहिल्याच दिवशी वहिनींनी मला वही दिली होती. चिकूनं कधी खाल्लं, किती झोपला, औषध कधी दिलं, सगळं लिहायचं. विश्वास नव्हता म्हणून. संध्याकाळी बँकेतून आल्या की पान तपासायच्या आणि तिथल्या सवयीनं खाली तारखेसह सही करायच्या. भरलेली वही रद्दीत टाक म्हणायच्या. मागच्या पानांवर चिकूच्या रेघोट्या असायच्या, म्हणून मी त्या घरी आणल्या. ‘साडेबाराला वरणभात भरवला.’ सही. ‘ताप एकशे दोन. रिक्षानं डॉक्टरांकडे नेलं. वहिनींना फोन केला, मीटिंगमध्ये होत्या.’ सही. अशा चार वह्या.

दुसऱ्या दिवशी त्या घेऊन मी उस्मानपुऱ्याला वहिनींच्या घरी गेले. या वेळी बसले. सोफ्यावर, चिकूशेजारी.

वहिनींनी पानं चाळली. “या आमच्या घरच्या वह्या आहेत. इथंच ठेव.”

“अक्षर माझं आहे,” मी म्हणाले. “पत्र देता का?”

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, “देते. चिकूला सांभाळलं असंच लिहिते. पण आडनाव टाकत नाही. नुसतं नाव.”

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव सोडले, गावकीची कामं सोडली. आडनाव सोडलं नाही. ते मी एका सहीसाठी सोडू?

“मग राहू द्या,” मी म्हणाले. ‘प्रामाणिक’ लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि वह्या उचलल्या. दारात चिकूनं दोन्ही हात वर केले. त्याची काहीच चूक नव्हती. मी त्याला उचललं नाही.

आता रोज क्लासनंतर बसून, पत्राऐवजी अर्जाला जोडायला, वह्यांची पानं जर्मनमध्ये उतरवते. सर म्हणतात, असल्या वह्या कुणी मानत नाही, व्हिसा नाकारतील. नाकारू देत. माझ्या पूर्ण नावानं नाकारतील. वय निघून गेलं तर दुसऱ्या कामाचा व्हिसा शोधीन, पण मेहुणीचं पत्र लावणार नाही. आणि ज्या घरात माझं आडनाव लपवावं लागतं, त्या घरातलं मूल मी पुन्हा कडेवर घेणार नाही. इथंही नाही, तिथंही नाही.