कुंभकर्णाची उचकी आणि माझा लिनक्स

एका रविवारी दुपारी, इंदूरला परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी, बाबांची इज्जत माझ्या कॉम्प्युटरवर येऊन अडकली... गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची आहे.

बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. मिल बंद होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती, पण जुनी मंडळी दर रविवारी आमच्याकडे जमायचीच. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने सीडी आणली... मिल चालू असतानाच्या शेवटच्या झांकीची.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात, म्हणजे गाड्यांवर उभारलेले हलते देखावे, आणि अख्खं शहर ते बघायला रस्त्यावर येतं. त्या वर्षी बाबांनी कुंभकर्ण केला होता. भंगारातल्या लूमची, म्हणजे मागाची मोटर, चेन, दोन गिअर... आणि एवढा थोरला कुंभकर्ण पलंगावरून सावकाश उठून बसायचा.

सावकाश, असं बाबा म्हणत. लूम खात्यातले रामेश्वर काका म्हणत, झटके मारत. या विषयावर दोघं कितीदा भांडले याची गणती नाही, एकदा तर बाबा त्यांच्याकडच्या लग्नातून न जेवता उठून आले होते. आज पुरावाच हाती आला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लिनक्सचं खूळ होतं. भंवरकुआं भागातल्या एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवायचे आणि घरच्या जुन्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. व्हायरस येत नाही म्हणून सगळ्यांपुढे मिरवतही होते.

सीडी लावली. बॅंड दिसला, गर्दी दिसली... मग कुंभकर्ण जरासा उठला, थांबला, आणि एकदम बसलेलाच दिसला. पुन्हा आडवा, पुन्हा तेच. जणू त्याला उचकी लागली होती.

"देखा भिया!" रामेश्वर काका खुर्चीतून उठलेच. "मैं तब से बोल रिया हूँ!"

"अरे, ही सीडी अटक रही है!" बाबा लाल झाले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग यांना बेटा, सांग!"

मी कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि काय काय चाललंय ते बघितलं. प्रोसेसर सत्त्याण्णव टक्क्यांवर... सगळा व्हिडिओ प्लेअरच खात होता! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू... झटके कॉम्प्युटरचे होते, बाबांचे नव्हते.

पण आनंदाने व्हिडिओ चालत नाही. सीडी ड्राइव्हवर संशय घेऊन फाईल हार्ड डिस्कवर उतरवली, काही फरक नाही. बाकी सगळं बंद केलं, मशीन रीस्टार्ट केलं... तेवढ्यात आईने दुसऱ्यांदा पोहे आणले, वर शेव घालून. काका खाता खाता मला "जल्दी नी है बिटिया, आराम से" म्हणत होते आणि बाबांकडे बघून मिश्या पुसत होते.

मग एक गोष्ट लक्षात आली. चित्र लहान ठेवलं की व्हिडिओ बरा चालायचा, फुल स्क्रीन केलं की अडकायचा.

बाबा इतका वेळ मशीनमध्ये घोटाळा झाल्यावर बघावं तसं मागे हात बांधून बघत होते. म्हणाले, "लहान आहे तोवर चालतंय. मग मोठं कोण करतंय ते?"

"प्रोसेसर, बाबा. खरं तर ते ग्राफिक्स कार्डाचं काम आहे."

"मग कार्ड काय करतंय?"

"काही नाही. नुसतं बसलंय."

"अपने जैसा!" रामेश्वर काका म्हणाले. सगळी खोली हसली, बाबाही.

पुढचं सोपं होतं. प्लेअरने चित्र कुठल्या रस्त्याने पाठवायचं ते सांगणारा एक शब्द कमांडमध्ये बदलला आणि काम कार्डाकडे दिलं. प्रोसेसर पंधरा टक्क्यांवर आला.

आता बॅंडवाल्याचे गालसुद्धा फुगताना दिसत होते. गाडीच्या कडेने एक फुगेवाला चालला होता, कुठेही न अडकता, अगदी लोण्यासारखा. मी विजयी मुद्रेने मागे सरकले.

कुंभकर्ण उठू लागला... आणि अडकला. मग झटक्याने वर. पुन्हा अडकला, पुन्हा झटका. फुगेवाला मात्र आपला शांतपणे चालतच होता.

सगळ्यांनी बघितलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून स्क्रीनकडे बघत राहिले. इतका पडलेला चेहरा मी मिल बंद झाली त्या दिवशीही बघितला नव्हता.

आता काका उड्या मारणार, असं मला वाटलं. काकांनी बाबांकडे बघितलं... मग माझ्याकडे.

"बिटिया, तेरा कंप्यूटर तो अब भी अटक रिया है," ते म्हणाले. "छोड़, मशीन पुरानी है।"

माझ्या खिडकीत पंधरा टक्के स्वच्छ दिसत होते. दुपारभर खपून मी ते आणले होते. मी ती खिडकी बंद केली.

"हो काका. प्रोसेसरच कमी पडतोय."

मंडळी गेल्यावर बाबा बराच वेळ बशा गोळा करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेन जरा ढिली राहिली होती, बेटा... रामेश्वरला तेव्हाच कळलं होतं."

त्यानंतर काकांनी तो विषय कधीच काढला नाही. जिंकलेलं भांडण असं हसत हसत सोडून देणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही... थँक यू, काका.