झाकलेलं साणं

“दवाखान्यात आठ दिवसांत बरी झाली, घरी गेल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा धाप लागली. मास्तर, आजार तुमच्या घरात आहे,” नांदेडचे डॉक्टर सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून म्हणाले. “ओल आहे का, बुरशी आहे का, हे मी पहिल्या खेपेलाही विचारलं होतं.”

विचारलं होतं. आणि मी नाही म्हणालो होतो.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. म्हणजे बुरशीची बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि फुप्फुस तिच्यावर चिडून सुजतं. बरेच दिवस तसंच चाललं तर फायब्रोसिस होतो. भाजलेली कातडी आखडते, तसं फुप्फुस आखडतं, आणि आखडलेला भाग पुन्हा मोकळा होत नाही. माझ्या बायकोच्या, सुमनच्या फुप्फुसात तो सुरू झाला होता.

हिवाळ्यात खोलीत पाण्याचं भांडं ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मी जवळा बाजारला शाळामास्तर. घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, भिंती जाड मातीच्या, छताला उजेड-हवेसाठी ठेवलेलं हातभर साणं. दिवाळीनंतर सुमनला कोरडा खोकला लागला. एकदा नाकातून रक्त आलं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, “थंडीची हवा कोरडी असते. खोलीत पसरट भांड्यात पाणी ठेवा.” एवढंच.

मला एवढ्यावर थांबता आलं नाही. आधी पातेलं ठेवलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या बाजेवर ओली पोती टाकली, मग वातीच्या स्टोव्हवर किटली चढवली. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून माळवदावर चढलो आणि कापूस झाकायचं प्लास्टिक साण्यावर अंथरून कडेनं विटा ठेवल्या. वर्गात बाष्पाचा धडा आला तेव्हा पोरांना हे अभिमानानं सांगितलंही. सुमनचं नाक चार दिवस खरंच बरं होतं.

शेजारच्या गोदामावशी दारातूनच म्हणाल्या, “मास्तर, घरात माणसं ठेवलीत का शेंगा उकडाय घातल्यात?” सुमन खोकत खोकत हसली.

पंधरा-वीस दिवसांनी ती म्हणाली, “अहो, गोधड्यांच्या मागची भिंत वली लागून राहिली. काळं काळं बी आलंय. ते प्लास्टिक काढा न.”

“तकलीफ तुझ्या नाकाला हाय का भिंतीला?” मी म्हणालो. “मास्तर मी हाय का तू?”

मी त्या काळ्या डागावर चुन्याचा हात मारला आणि गोधड्यांची चळत पुन्हा भिंतीला लावून ठेवली.

संक्रांतीपर्यंत तिला हापशापर्यंत जाऊन येता येईना. संध्याकाळी अंग तापायचं. नांदेडला गेलो. एक्स-रे, थुंकीची तपासणी, रक्त. टीबी निघाला नाही. डॉक्टरांनी घराबद्दल विचारलं तेव्हा मी चटकन बोललो, “नाही डॉक्टरसाहेब, घर एकदम स्वच्छ आहे.”

मास्तराच्या घरात बुरशी, हे सांगायची लाज वाटली. आणि बुरशी सांगितली असती, तर ती कुणी आणली हेही सांगावं लागलं असतं. डॉक्टरांनी माझ्या शब्दावर दम्याचे उपचार केले. ती बरी होऊन घरी आली, त्याच खोलीत. चौथ्या दिवशी धाप लागली. पुढचे तीन आठवडे धाप वाढत गेली, तसा मी किटलीचा वेळ वाढवत गेलो.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. “ओल-बुरशी पुरती जाईपर्यंत ती खोली बंद,” एवढंच म्हणाले आणि स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

तिला दवाखान्यात ठेवून मी गावी आलो. गोधड्या ओढल्या तर चुन्यातून वर आलेली काळी लव भिंतभर पसरली होती. साणं उघडलं. भिंत खरवडली. गोधड्या गावाबाहेर नेऊन जाळल्या. त्यात तिच्या आईनं शिवलेली एक होती. ती जाळू का, हे दवाखान्यातून निघताना तिला विचारायची हिंमत झाली नव्हती.

सूज उतरली. आखडलेलं तसंच राहिलं. पुढं पाच वर्षं ती होती. साडी नेसताना दोनदा थांबायची.

त्यातल्या तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी ती साण्याखालच्या उजेडात डाळ निवडत बसली होती. मी म्हणालो, “नांदेडला पहिल्या खेपेला मी खोटं बोललो.”

“मला ठावं हाय. मी बाजूलाच बसले व्हते की.”

“मंग तू काहून बोलली न्हाईस?”

तिनं श्वास घेतला. “डॉक्टर तुमाला मास्तर, मास्तर करून राहिले व्हते. म्हणलं, तुमची मान खाली जाईल.”

आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

ती गेली तेव्हा साणं उघडंच होतं.

हवा फार कोरडी वाटली तर खोलीत पाणी जरूर ठेवा. पण हवेला बाहेर जायला वाट असू द्या. आरसा धुरकट झाला, भिंतीला ओल आली, की पाणी उचला. गोधड्या, पेट्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवून मागं बघत जा. आणि डॉक्टर घराबद्दल विचारतील, तेव्हा आधी आजारी माणसाकडं बघा. त्या दिवशी मी थोडा वेळ गप्प बसलो असतो, तर कदाचित सुमन बोलली असती.