उंबऱ्याबाहेरची हत्यारं

"ती पटाशी खाली ठेव! आधी खाली ठेव म्हणतो!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, असे ओरडले की मिरज जंक्शनात उभं असलेलं इंजिन दचकून मागं सरकलं. खोटं वाटत असेल तर आमच्या गल्लीत विचारा. रिक्षा दारात, माझी पिशवी रिक्षात, आई दह्याची वाटी घेऊन उभी, आणि मी कारखान्यातली एकच पटाशी कमरेला खोचून निघालेलो. आमच्या घरात तानपुरे करतात ते आजोबांच्याही आधीपासून, आणि तेव्हापासूनचा नियम असा, की खंडेनवमीला पुजलेलं हत्यार उंबरा ओलांडत नाही. जाणाऱ्यानं मोकळ्या हातानं जायचं.

"मग मुंबईत काय दातानं लाकूड तासू?" मी म्हटलं.

"हात हायत न्हवं तुला? मग झालं तर!"

ठेवली पटाशी. गल्लीतल्यांनो, तुम्ही सगळे ओट्यावर उभे राहून बघत होता आणि एकानंही तोंड उघडलं नाही, हे मी विसरलेलो नाही. आणि माझ्यासारखे जे निघून गेले, पुण्याला, दुबईला, कुठं कुठं, त्यांना पुढचं सांगायला नको. त्यांच्या पिशव्याही तेवढ्याच हलक्या होत्या.

मुंबईत नाहूरला माझं घर, चौथ्या मजल्यावर. गॅलरी एवढी प्रशस्त, की तानपुरा आडवा धरला तर मला रेल्वेच्या हद्दीत उभं राहावं लागतं. दिवसभर अंधेरीला लोकांची मॉड्युलर किचनं बसवतो. ड्रॉवर असे मऊ मिटतात की मालकीण तीनतीनदा उघडून बघते. सगळं झकास. संध्याकाळी मी घरी पोचतो, माझे गुडघे मात्र मागची गाडी पकडून येतात.

तरी सुटीच्या दिवशी भोपळा मांडीवर घेतल्याशिवाय चैन पडत नाही. हत्यारं नव्हती, मग केली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून गुंडाळल्या, की झाले शिकंजे. छत्रीच्या काडीला धार लावून गिरमिट. तुटक्या हॅक्सॉ ब्लेडची तासणी. आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसते ती लाकडाची पातळ फळी, ती वाकवायला बायकोचा कुकर. शिट्टी काढून रबरी नळी लावली की वाफ नेमकी फळीवर.

"आज भाताला सागवानाचा वास का येतोय?" नंदा, माझी बायको, विचारायची. खालच्या मजल्यावरचे काका तर जिन्यातच गाठायचे. "ओ मिस्त्री, लाकूड घासताय की आमचं डोकं?"

खंडेनवमीला मी ही सगळी फौज पाटावर मांडायचो. कुकरलासुद्धा झेंडूचा हार. दुसऱ्या दिवशी नंदा हार बाजूला करून त्यात वरण लावायची.

मग आई गेली. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात थरथरायला लागलेला, तिकडं एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मी जाऊन घेऊन आलो. आणि गंमत ही, की तेही मोकळ्या हातानं आले. कारखान्याला कुलूप, हत्यारं आत.

"अण्णा, एक कानस तरी घ्या की."

"नियम काय तुझ्या एकट्यासाठी व्हता?"

इथं आल्यापासून त्यांनी आपली पिशवी काही रिकामी केली नाही. सदरा घालायचा, धुवायचा, वाळला की घडी घालून परत पिशवीत. रोज सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न, "मिरजेची गाडी कधी हाय?" मी "बघतो" म्हणायचो. परत पाठवावं तर तिकडं तांब्याभर पाणी द्यायला कोणी नाही. ठेवून घ्यावं तर माणूस गॅलरीच्या ग्रिलला धरून वाळत चाललेला. अंधेरीहून परतताना वाटायचं, आणखी चार किचनं बसवून घ्या पण ते "कधी हाय" नको. माझी हत्यारं त्यांनी एकदाच पाहिली. ट्यूब बोटानं ताणून सोडली आणि म्हणाले, "भंगारवाल्याला दे."

परवाच्या रविवारी बोरीवलीच्या एका गाणाऱ्या बाईंचा तानपुरा पुरा करत होतो. तारा चढवल्या, पण जवारी लागेना. तारा टेकतात त्या हाडाच्या घोडीला नेमका उतार दिला, की तार भुंग्यासारखी गुणगुणते, तीच जवारी. माझी तार भुंगा नव्हती, सर्दी झालेली म्हैस होती. तासतोय, छेडतोय, परत तासतोय.

"आरं थांब!" गॅलरीतून गर्जना आली. अख्खं नाहूर थांबलं असणार.

अण्णा भिंत चाचपत आले, खाली बसले आणि डोळे मिटून घोडीवर अंगठा फिरवला.

"मिरजेचा उतार दिलास."

"मग कुठला देऊ?"

"हितली हवा ओली हाय. तबली फुगतीया, घोडी मागं झुकतीया. इतकी वर्षं हितं ऱ्हातोस, एवढं बी कळंना?" हात पुढं आला. "कानस."

कानस कुठली! मी हॅक्सॉची ती पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि शिव्यांची वाट बघत बसलो. शिव्या आल्या नाहीत. त्यांनी धारेवरून नख फिरवलं आणि घासायला लागले. थरथरणारा तो हात घोडीला टेकला की स्थिर व्हायचा, ही मात्र थाप नाही. तारेखाली सुताचा धागा सरकवला, छेडलं, आणि म्हशीचा भुंगा झाला. नंदा हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

गाव कुठलं असं कोणी विचारलं की मी आजवर मिरज सांगत आलो, आणि पत्ता नाहूरचा लिहीत आलो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, जरा थांबा, तार वाजतीय.

आवाज विरला. मी इतका दमलो होतो की रोज टाळत होतो ते विचारूनच टाकलं.

"अण्णा, गाडीचं तिकीट काढू?"

त्यांनी पट्टी धोतराला पुसली.

"ह्याला आधी मूठ बसव," म्हणाले. "हाताला रुततंय."