दसऱ्याला सुटलेली मूठ

तोफगोळ्याचा तुकडा लागलेल्या माझ्या उजव्या हाताला लष्कराच्या डॉक्टरांनी वीस टक्के अपंगत्व ठरवलं होतं. तेवढी पेन्शन घेऊन मी बडोद्याला, तरसालीत राहायला आलो आणि एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा राहू लागलो. पुढे बोटं बधिर होत गेली. टक्के वाढवून मिळाले असते. पण त्यासाठी पुन्हा मेडिकल बोर्डापुढे जायचं, आणि हात निकामी असं तिथे लिहिलं गेलं की बँकेची नोकरी जाणार. या भीतीने मी बायकोलाही काही बोललो नाही.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. दसऱ्याला त्यांची तलवार घरच्या कर्त्याने उजव्या हातानेच उपसायची, असा आमच्याकडे रिवाज. त्या वर्षी मूठ कधी सुटली ते मला कळलंच नाही. तलवार बायकोच्या पावलाशेजारी खणकन पडली.

"घाम आला असेल हाताला," ती म्हणाली.

"घाम नाही. बोटं बधिर आहेत. बरेच दिवस झाले."

"अहो, आणि याच हाताने भरलेली बंदूक धरता? तिथे माणसं येतात-जातात!"

खरं सांगायचं तर ही भीती मला आधीपासूनच होती. मी ती नोकरीच्या भीतीखाली दडपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक परत केली आणि बोर्डासाठी अर्ज दिला. काडतुसं मात्र दुसऱ्या पहारेकऱ्याला काढायला लावली.